ऑटोफॅजीत प्रथिनांवरचे बदल पकडायचे कसे: प्लेट धुण्यापासून म्यूटंटपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, हीला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) एका झाडापासून वेगळं केलेलं अल्कलॉइड टाकलं, एलसी३-टू वाढला (ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने आपलेच भाग खाऊन पचवणं, मोजायचा हा नेहमीचा मार्कर), आता गाइड म्हणतायत की यूएलके१ (ऑटोफॅजी सुरू करणारं कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम) वरचं फॉस्फोरिलेशन आणि पी६२ (युबिक्विटिन लागलेली प्रथिनं धरणारं आणि ऑटोफॅजीत स्वतःही खाल्लं जाणारं प्रथिन) चं युबिक्विटिनेशन, म्हणजे त्यावर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन जोडलं जाणं, दाखव, पण ब्लॉट (जेलवर वेगळं केलेलं प्रथिन अँटिबॉडीने बँड म्हणून दाखवणं) दर वेळी वेगळा येतो, एका आठवड्यात बँड ठळक तर पुढच्या आठवड्यात गायब. चूक कुठे होतेय आणि सरळ मास स्पेकला (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) सॅम्पल पाठवून टाकू का?

अगं, मास स्पेकला आत्ता नको पाठवूस. ब्लॉटवर जी गोष्ट तीनदा सारखी येत नाही ती मशीनवरही सारखी येणार नाही, फक्त पैसे जास्त जातील. मी बरीच वर्षं हेच काम करतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की ऑटोफॅजीतल्या पीटीएमच्या, म्हणजे तयार प्रथिनावर नंतर होणाऱ्या रासायनिक बदलांच्या, प्रयोगांत बहुतेक वेळा अँटिबॉडी वाईट नसते, सॅम्पल आधीच बिघडलेलं असतं. फॉस्फेट काय, युबिक्विटिन काय, हे बदल पेशी फुटली की थांबत नाहीत, फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारी) आणि डीयूबी (युबिक्विटिन काढणारी) एन्झाइम ट्यूबमध्ये मजेत काम करत राहतात. आणि ऑटोफॅजीत याच्यावर अजून एक अडचण आहे जी बाकीच्या सिग्नलिंगवाल्यांना इतकी नसते, ती म्हणजे ज्या प्रथिनावरचा बदल तू मोजतेयस तेच प्रथिन पेशी खात असते. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून सगळं डिझाइन करायचं.

सुरुवात प्लेटपासून. तू लिहिलंयस की लायसिसच्या, म्हणजे पेशी फोडण्याच्या, आधी पीबीएसने (मिठाच्या बफरने) तीनदा धुतेस. पीबीएसमध्ये अमिनो आम्लं नसतात, म्हणजे रूम टेंपरेचरच्या पीबीएसमध्ये पेशी उभ्या ठेवणं म्हणजे त्यांना उपाशी ठेवणंच झालं, आणि एमटीओआरसी१ ला (अन्न असताना ऑटोफॅजी दाबून ठेवणारं कायनेज) अमिनो आम्लं गेल्याचं काही मिनिटांत कळतं. मग बारा प्लेटा असतील तर पहिली प्लेट धुतल्यापासून दोन मिनिटांत लायसिसमध्ये आणि बारावी पंधरा मिनिटांनी, आणि तुझा यूएलके१ वरच्या सेरीन ७५७ चा (एमटीओआरसी१ जिथे फॉस्फेट लावतं ती जागा) बँड कंपाउंडमुळे नाही तर प्लेटच्या नंबरमुळे कमी झालेला दिसणार. एकदाच धुवायचं, पीबीएस बर्फासारखं गार, प्लेट बर्फावर, आणि लगेच बफर. दुसरं, कंपाउंड टाकताना ताजं मीडियम दिलंस का? ताज्या मीडियमने एमटीओआरसी१ जोरात चालू होतं, म्हणून कंट्रोललाही त्याच वेळी तेच मीडियम आणि तेवढंच डीएमएसओ (कंपाउंड ज्यात विरघळवतो ते द्रव). पेशींची दाटीही सारखी पाहिजे, ९५ टक्के भरलेली प्लेट आणि ६० टक्के भरलेली प्लेट या दोन वेगळ्या पेशी समजायच्या, कारण दाटीत मीडियम लवकर संपतं. हे सगळं बारीकसारीक वाटतं पण तुझं 'कधी दिसतो कधी नाही' बहुतेक इथेच आहे.

आता एलसी३. बरेच जण एलसी३ ला नुसता मार्कर समजतात, पण एलसी३-टू हा स्वतःच एक पीटीएम आहे, आणि खूप सुंदर आहे. प्रथिन तयार होतं, एटीजी४ त्याचं शेपूट कापतं, ग्लायसिन १२० उघडं पडतं, तो एलसी३-वन. मग युबिक्विटिनसारखीच साखळी, म्हणजे ई१, ई२, ई३ अशी एकामागून एक काम करणारी जोडणारी एन्झाइमं, एटीजी७ हे ई१ सारखं, एटीजी३ हे ई२ सारखं, आणि एटीजी१२-एटीजी५-एटीजी१६एल१ हा ई३ सारखा, आणि शेवटी त्या ग्लायसिनवर दुसरं प्रथिन नाही तर फॉस्फटिडिलइथेनॉलअमाइन हा लिपिड चिकटतो. या जोडण्या जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींच्या गटाने आधी यीस्टमध्ये उलगडल्या, २०१६ चं नोबेल त्या सगळ्या कामालाच. लिपिड चिकटल्याने वजन वाढतं तरी एलसी३-टू जेलमध्ये खाली पळतो, साधारण १४ किलोडाल्टनला, आणि वन १६ च्या आसपास, कारण लिपिडमुळे तो जास्त हायड्रोफोबिक होतो. याचाच अर्थ टॅग लावायचा असेल तर एन टोकाला लाव, सी टोकाला लावलेला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) एटीजी४ कापून टाकतं आणि मग पेशीभर मोकळा जीएफपी दिसतो.

ब्लॉटसाठी १५ टक्के जेल किंवा ४ ते २० ग्रेडियंट, पीव्हीडीएफ मेंब्रेन आणि तेही ०.२ मायक्रॉनचं, ०.४५ मधून एवढं छोटं प्रथिन आरपार निघून जातं. ट्रान्सफर रात्रभर ठेवू नकोस. सॅम्पल बफर घालून उकळव आणि शक्यतो त्याच दिवशी लाव, एलसी३-वन फ्रीज-थॉ सहन करत नाही, एसडीएस बफरमध्ये पडून राहिला तरी कमी होतो. आमच्याकडे एका उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रीझर वितळला, परत गोठला, आणि पुढचे दोन महिने आम्ही 'वन कमी झाला म्हणजे रूपांतर वाढलं' असं समजत होतो. म्हणूनच टू भागिले वन असा रेशो काढू नकोस, अँटिबॉडी दोघांना सारखी चिकटतही नाही. टू भागिले अ‍ॅक्टिन किंवा ट्युब्युलिन (सगळ्या लेनमध्ये सारखीच राहणारी प्रथिनं), एवढंच.

आणि आता जो प्रश्न तू विचारला नाहीस पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. एलसी३-टू वाढला म्हणजे ऑटोफॅजी वाढली असं नाही. नळ जास्त सोडला तरी बादली भरते आणि मोरीचं भोक तुंबलं तरी पाणी साचतंच. तुझं कंपाउंड अल्कलॉइड आहे, म्हणजे बहुधा कमकुवत बेस, आणि असे रेणू लायसोसोमच्या (पेशीतली पचनाची पिशवी) आम्लात जाऊन साठतात, क्लोरोक्विनचं तेच होतं. म्हणून चार सॅम्पल लागतातच: कंट्रोल, कंट्रोल अधिक बॅफिलोमायसिन ए१ (लायसोसोममधलं पचन थांबवणारं औषध), कंपाउंड, कंपाउंड अधिक बॅफिलोमायसिन. बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर, शेवटचे दोन ते चार तास, त्याहून जास्त ठेवलं तर पेशी दुसऱ्याच कारणांनी त्रासतात. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा दोन्ही मिळून टू जास्त असेल तर खरंच निर्मिती वाढलीय. दोन्ही सारखेच असतील तर कंपाउंड बहुधा भोक तुंबवतंय. आणि दोन्ही मिळून टू उलट कमी झाला, म्हणजे नुसत्या कंपाउंडपेक्षाही खाली आला, तर थांब आणि विचार कर, कारण मग एलसी३ ऑटोफॅगोसोमवर (खायचा माल गुंडाळणारी दुहेरी पडद्याची पिशवी) नाही तर सुजलेल्या लायसोसोमच्या एकेरी पडद्यावर चिकटत असण्याची शक्यता आहे, ज्याला हल्ली कॅज्म म्हणतात. त्या रस्त्यात व्ही-एटीपेज हा लायसोसोममध्ये आम्ल भरणारा पंपच एटीजी१६एल१ ला बोलावतो आणि बॅफिलोमायसिन नेमका तो पंप पकडतं, म्हणून लिपिडेशन पडतं. क्लोरोक्विन, मोनेन्सिन असे रेणू हे करतात. खात्री करायची तर एफआयपी२०० किंवा एटीजी१३ (यूएलके१ च्या जोडीची प्रथिनं) नॉकआउट पेशींत, म्हणजे ते जीन काढून टाकलेल्या पेशींत, कंपाउंड टाक, खरी ऑटोफॅजी असेल तर टू वाढणार नाही, कॅज्म असेल तर तरीही वाढेल. एटीजी१६एल१ चा के४९०ए म्यूटंट उलट दिशेने सांगतो, त्यात कॅज्म बंद आणि नेहमीची ऑटोफॅजी चालू. नॉकआउट नसेल तर व्हीपीएस३४ (ऑटोफॅगोसोम बनायला लागणारं लिपिड कायनेज) चा इनहिबिटर वापर, एसएआर४०५ सारखा, पण ३-एमए नको, ते क्लास वन पीआय३ कायनेजलाही दाबतं आणि मग एकेटी, एमटीओआर सगळंच हलतं. हे पार झाल्याशिवाय यूएलके१ कडे जाऊ नकोस, कारण कंपाउंड फक्त लायसोसोम फुगवत असेल तर यूएलके१ मध्ये शोधण्यासारखं काही नसेलच.

चल, समजू पार झालं. यूएलके१ वर नेहमी दोन प्रकारच्या जागा बघतात. सेरीन ७५७, जिथे एमटीओआरसी१ फॉस्फेट लावून यूएलके१ ला दाबून ठेवतं, आणि सेरीन ३१७, ५५५, ७७७ वगैरे, जिथे एएमपीके (ऊर्जा कमी पडली की चालू होणारं कायनेज) फॉस्फेट लावतं. २०११ मध्ये हे दोन-तीन गटांनी दाखवलं आणि तेव्हापासून प्रत्येक पेपरात हे ब्लॉट असतात. इथे एक गोंधळ आधीच मिटवते, हे नंबर उंदराचे आहेत, माणसात ७५७ म्हणजे ७५८ आणि ५५५ म्हणजे ५५६, अँटिबॉडीच्या नावात उंदराचा नंबर असतो पण तुझ्या हीला पेशी माणसाच्या आहेत, थीसिसमध्ये दोन्ही लिही आणि म्यूटंट बनवताना तर चारदा तपास, आमच्याच ओळखीतल्या एका लॅबमध्ये एक अख्खा कन्स्ट्रक्ट शेजारच्या अमिनो आम्लावर बनला होता.

अर्थही जपून लाव. ७५७ कमी झालं म्हणजे एमटीओआरसी१ ने हात काढला, एवढंच कळतं. ५५५ वाढलं म्हणजे एएमपीके चालू आहे, ऑटोफॅजी चालू आहे असं नाही. २०२३ पासून आलेल्या कामांत तर असं दिसतंय की ऊर्जा कमी पडते तेव्हा एएमपीके यूएलके१ ला उलट आवरतं. तेव्हा 'एएमपीके म्हणजे ऑटोफॅजी सुरू' हे जुनं चित्र डोळे मिटून वापरू नकोस. मला विचारशील तर यूएलके१ वरच्या खुणांपेक्षा यूएलके१ ने दुसऱ्यावर केलेली खूण बघ, एटीजी१३ वरचं सेरीन ३१८ किंवा एटीजी१४ वरचं सेरीन २९, कारण कायनेज खरंच काम करतंय का हे त्याच्या सबस्ट्रेटवरूनच समजतं. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून टोरिन१ (एमटीओआर बंद करणारं औषध), २५० नॅनोमोलर, एक तास, त्याने ७५७ चा बँड जवळपास जायला पाहिजे. जात नसेल तर तुझी अँटिबॉडी दुसरंच काहीतरी बघतेय.

लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि प्रोटिएज इनहिबिटर, सगळं त्याच सकाळी घालायचं. व्हॅनाडेट नीट 'अ‍ॅक्टिव्हेट' केलेलं पाहिजे, म्हणजे पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळवायचं, परत पीएच बघायचा, परत उकळवायचं. यूएलके१ मोठं आहे, ८ टक्के जेल घे. आणि प्रत्येक फॉस्फो-ब्लॉटसोबत टोटल यूएलके१ हवाच, शक्यतो तेच लायसेट दुसऱ्या जेलवर, स्ट्रिप केलेल्या मेंब्रेनवर नाही, स्ट्रिप करताना प्रथिनही निघतं आणि आकडा खोटा येतो. अँटिबॉडी खरी आहे का याचा सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे लॅम्डा फॉस्फटेज. लायसेटचा एक भाग घे ज्यात फॉस्फटेज इनहिबिटर आणि ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) नाहीत, मँगनीज घाल, एन्झाइम घाल, ३० डिग्रीला अर्धा तास. फॉस्फो-बँड गेला पाहिजे, टोटल राहिला पाहिजे. हा एक लेन रिव्ह्यूअरचे तीन प्रश्न वाचवतो.

ज्या जागेची अँटिबॉडी मिळत नाही तिथे फॉस-टॅग जेल. हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांचं हे काम, अक्रिलामाइडमध्ये एक रेणू मिसळतात जो मँगनीजच्या मदतीने फॉस्फेटला धरतो, म्हणून फॉस्फेटवालं प्रथिन मागे रेंगाळतं आणि एकाच टोटल अँटिबॉडीने वर-खाली अनेक बँड दिसतात. बेक्लिन१, एटीजी१३ या ऑटोफॅजीच्या प्रथिनांसाठी मला हे फार आवडतं कारण किती टक्के प्रथिनावर फॉस्फेट आहे ते एका नजरेत दिसतं, जे फॉस्फो-अँटिबॉडी कधीच सांगत नाही. पण सॅम्पलमध्ये ईडीटीए असेल तर जेल वाकडंतिकडं पळतं, रंगीत मार्करही पट्टे बिघडवतो आणि तिथे किलोडाल्टन मोजायला जाऊ नकोस, काही अर्थ नाही. आणि ट्रान्सफरच्या आधी जेल ईडीटीए घातलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये दहा-दहा मिनिटं दोन-तीनदा हलवून मँगनीज काढून टाकायचं, नाहीतर प्रथिन जेलमध्येच अडकून बसतं आणि मेंब्रेन कोरं. कोरं मेंब्रेन आलं की नव्वद टक्के वेळा हीच पायरी राहिलेली असते असा माझा अनुभव.

आता पी६२ चं युबिक्विटिनेशन, इथे सगळ्यात जास्त खोटे निकाल येतात असं मला मनापासून वाटतं. कारण बघ, पी६२ चं कामच युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवणं आहे. तू साध्या बफरमध्ये पी६२ खाली खेचलंस आणि युबिक्विटिनचा ब्लॉट केलास तर वरपर्यंत छान स्मीअर (पसरट पट्टा) येणार, पण ते युबिक्विटिन पी६२ वर नाही, पी६२ ने हातात धरलेल्या दुसऱ्या प्रथिनांवर आहे. म्हणून आयपी (अँटिबॉडीने प्रथिन खाली खेचणं) डिनेचरिंगच, म्हणजे प्रथिनांची घडी मोडूनच, करायचं. पेशी सरळ १ टक्का एसडीएसमध्ये फोड, ९५ डिग्रीला पाच-दहा मिनिटं उकळव, डीएनएमुळे लाळेसारखं चिकट होतं ते सोनिकेट करून मोकळं कर, मग ट्रायटनवाल्या बफरने दहा पट पातळ कर म्हणजे एसडीएस ०.१ टक्क्यावर येतं आणि अँटिबॉडी काम करू शकते. उकळण्याने डीयूबी मरतात, धरलेली प्रथिनं सुटतात, आणि अजून एक फायदा, पी६२ ट्रायटनमध्ये न विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये बसतं, साध्या लायसिसमध्ये ते गोळे पेलेटबरोबर फेकले जातात आणि आपण 'पी६२ कमी झालं' म्हणून आनंदतो. साध्या पी६२ ब्लॉटलाही हेच लागू आहे, पेलेट फेकू नकोस. शिवाय एनआरएफ२ हे ऑक्सिडेटिव्ह ताणात जागं होणारं प्रथिन पी६२ चं जीन चालू करतं, म्हणजे कंपाउंडने ऑक्सिडेटिव्ह ताण आला तर ऑटोफॅजी चालू असूनही पी६२ वाढेल, तेव्हा क्यूपीसीआर करून एमआरएनए बघ.

एनईएम, म्हणजे एन-इथाइलमॅलिमाइड, १० ते २० मिलिमोलर, हे डीयूबींचं सिस्टिन बंद करतं. इथेनॉलमध्ये, त्याच दिवशी बनवलेलं. पाण्यात बनवून फ्रीजमध्ये ठेवलेलं एनईएम हळूहळू मरतं, हे मी स्वतः तीन महिने फिके स्मीअर बघून शिकले आणि त्या तीन महिन्यांचा एकही ब्लॉट वापरता आला नाही. लायसिस बफरमध्ये डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल असेल तर ते एनईएम खाऊन टाकतं, ते फक्त शेवटच्या सॅम्पल बफरमध्ये. आणि जसं फॉस्फोला लॅम्डा फॉस्फटेज तसं इथे यूएसपी२ या डीयूबीचं कॅटॅलिटिक डोमेन (कापणारा भाग), बीड्सवर घातलं की स्मीअर निघून गेला पाहिजे, अर्थात ही ट्यूब एनईएम नीट धुऊन मगच. पी६२ चा बँड अँटिबॉडीच्या जड साखळीच्या, म्हणजे ५० किलोडाल्टनच्या, अगदी वरच येतो, त्यामुळे आयपीची आणि ब्लॉटची अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्याची घे.

साखळी कुठल्या प्रकारची, के४८ की के६३ (पुढचं युबिक्विटिन आधीच्याच्या कितव्या लायसिनवर जोडलंय), हे विचारलं जाईलच. त्यासाठी साखळी ओळखणाऱ्या अँटिबॉडी आहेत, किंवा विशिष्ट डीयूबींनी एकेक प्रकार कापून बघतात, ओटीयूबी१ के४८ कापतं, एएमएसएच के६३. तुझ्या कामाला मला वाटतं याआधी पी६२ वरचं सेरीन ४०३ बघणं जास्त फायद्याचं, टीबीके१ वगैरे कायनेज तिथे फॉस्फेट लावतात आणि मग पी६२ युबिक्विटिनला घट्ट धरतं. अँटिबॉडी मिळतात, ब्लॉट सोपा आहे, आणि प्रश्नाशी थेट संबंध आहे. फक्त इथे पेशी पुरावा खाते ही गोष्ट आठव: बॅफिलोमायसिन टाकलं की पी६२ एकूणच साठतं, मग फॉस्फो-४०३ वाढलेलं दिसणारच, टोटलने भागल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

अ‍ॅसिटिलेशनबद्दल थोडक्यात. पी३०० एटीजी प्रथिनांवर अ‍ॅसिटिल लावतं, आणि उपासमारीत एसआयआरटी१ (सर्टुइन गटातलं, अ‍ॅसिटिल काढणारं एन्झाइम) केंद्रकातल्या एलसी३ च्या लायसिन ४९ आणि ५१ वरून ते काढतं, हे छान काम आहे. करायचं तर ट्रायकोस्टॅटिन ए आणि निकोटिनामाइड, अ‍ॅसिटिल काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे, दोन्ही बफरमध्ये घाल, कारण सर्टुइन ट्रायकोस्टॅटिनला जुमानत नाहीत. पण तुझ्या थीसिससाठी गाइडने सांगितलं नसेल तर यात शिरू नकोस.

मास स्पेक कधी? ब्लॉटवर तीन स्वतंत्र प्रयोगांत, म्हणजे वेगळ्या दिवशी वेगळ्या पॅसेजच्या पेशी, तीच दिशा दिसली की. फॉस्फोसाठी टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयमॅकने (धातूच्या आयनांवर फॉस्फेटवाले पेप्टाइड पकडणं) गाळायला साधारण १ ते २ मिलिग्रॅम प्रथिन दे. युबिक्विटिनसाठी जास्त लागतं, ५ ते १० मिलिग्रॅमची तयारी ठेव. तिथे युक्ती अशी की ट्रिप्सिन युबिक्विटिन कापतं तेव्हा लायसिनवर दोन ग्लायसिन मागे राहतात, ११४.०४३ डाल्टनची खूण, आणि ती खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीने पेप्टाइड गोळा करतात. यात एक सापळा आहे जो कोअर फॅसिलिटीला आवर्जून सांग: अल्किलेशनला आयोडोअ‍ॅसिटामाइड वापरलं आणि तापवलं तर लायसिनवर त्याचे दोन रेणू बसून तंतोतंत तेवढंच वजन होतं, अणूंचा हिशोबही तोच, मशीनला फरक कळूच शकत नाही. क्लोरोअ‍ॅसिटामाइड वापरा म्हणावं, आणि तापवू नका. एनईडीडी८ आणि आयएसजी१५ ही युबिक्विटिनसारखी प्रथिनंही तीच दोन ग्लायसिनची खूण सोडतात, तेव्हा यादीत आलेली प्रत्येक जागा युबिक्विटिनचीच असं लिहू नकोस. आणि फॉस्फो किंवा युबिक्विटिनच्या रनसोबत त्याच सॅम्पलचा एकूण प्रथिनांचा रन पैसे वाचवायला गाळू नकोस, ऑटोफॅजीत प्रथिनांची पातळीच बदलते, त्याशिवाय जागा वाढली की प्रथिन वाढलं हे सांगता येत नाही. जमलं तर एटीजी७ नॉकआउटमध्ये तोच प्रयोग कर, जो बदल तिथेही तसाच दिसतो तो ऑटोफॅजीने खाल्ल्यामुळे झालेला नाही.

शेवटी म्यूटंट. जागा सापडली की सेरीनचं अ‍ॅलानिन करून बघायचं, पण मूळ, न बदललेलं प्रथिन पेशीत तसंच ठेवून वर प्लास्मिड ओतायचं नाही, नॉकआउट पेशीत परत घालायचं आणि पातळी मूळ पेशीएवढीच ठेवायची. पी६२ जास्त झालं की आपोआप गोळे होतात, यूएलके१ जास्त झालं तर ऑटोफॅजी उलट दबूही शकते. अ‍ॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेट घालून केलेला 'फॉस्फोमिमिक' चालला तर चांगलं, नाही चालला तर त्यावरून जागा निरुपयोगी आहे असं ठरवू नकोस, फॉस्फेटवर दोन ऋण भार असतात आणि या अमिनो आम्लांवर एकच, आकारही वेगळा, १४-३-३ सारखी, फॉस्फेट लागलेल्या जागांना चिकटणारी प्रथिनं त्याला ओळखतच नाहीत. टीएफईबी (लायसोसोमची जीन चालू करणारं प्रथिन) च्या सेरीन २११ ला नेमकं हेच होतं.

तर या आठवड्यात फक्त चार सॅम्पलचा बॅफिलोमायसिन प्रयोग कर, एकदाच गार पीबीएस, त्याच दिवशी जेल, ०.२ चं मेंब्रेन. सोबत टोरिन१ ची एक प्लेट ठेव आणि त्याच लायसेटवर ७५७ आणि टोटल यूएलके१ बघ. अख्ख्या मेंब्रेनचे फोटो पाठव, कापलेले नकोत, मार्करसकट आणि एक्स्पोजर किती सेकंद ते लिहून, मग पी६२ ची आयपी करायची की आधी एफआयपी२०० नॉकआउट पेशी कुणाकडून मागवायच्या ते बोलू.